तबेल्यात शिलाई चालू आहे

माझ्या सासऱ्यांची एक लाँड्री आहे आणि काही तत्त्वं आहेत. लाँड्री तळमजल्यावर आहे, तत्त्वं घरभर.

पहिलं तत्त्व असं, की गिऱ्हाइकाचा कपडा म्हणजे पाहुणा. त्याला न्हाऊ घालावं, ऊन दाखवावं, इस्त्री करावी आणि आला तसा परत धाडावा. बटण तुटकं आलं तर तुटकंच जाईल. न विचारता टाका घालणं म्हणजे पाहुण्याला दारातच 'काय हो, सुटलात!' म्हणण्यासारखं. लग्नाआधी मला बघायला बोलावलं, तेव्हाही त्यांनी आधी माझी कॉलर पाहिली आणि मग, वेळ उरला म्हणून, मला.

दुसरं तत्त्व, कपडे घोडागाडीतूनच पोचवायचे. माझ्या मेहुण्याला व्हॅन हवी आहे. तो व्हॅनची रंगीत चित्रं जेवणाच्या टेबलावर मुद्दाम विसरतो आणि सासरे त्यांच्यावर गरम भांडी ठेवतात. "मोटार धूर सोडते," ते म्हणतात, "आणि तो कपड्यावर बसतो. घोडी जे सोडते ते निदान रस्त्यावर राहतं."

घोडीचं नाव बाईसाहेब. पांढरी, ऐसपैस, कुठल्या गिऱ्हाइकाच्या दारात किती थांबायचं हे स्वतःच ठरवणारी. सासरे तिला अहो-जाहो करतात, म्हणून त्यांच्या घरी असेपर्यंत मीही करतो. बाईसाहेबांचं वय झालं होतं आणि त्यांना दिवस गेले होते. हे शेवटचंच, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सासऱ्यांचं गणित सरळ होतं: शिंगरू जगलं तर गाडीला पुढचा घोडा, नाहीतर मेहुण्याला व्हॅन. गणितात न मांडलेली गोष्ट अशी, की गेले कित्येक महिने ते रोज तबेल्यात जाऊन त्या पोटाशी गप्पा मारत होते. घरच्यांना वाटायचं, फोनवर आहेत.

मी रजा काढून विश्रांतीसाठी सासुरवाडीला पोचलो आणि दुसऱ्याच सकाळी बाईसाहेब व्याल्या.

शिंगरू चॉकलेटी रंगाचं होतं, कपाळावर साबणाचा फेस पुसायचा राहिल्यासारखा पांढरा ठिपका. चारही पाय एकमेकांशी ओळख नसल्यासारखे चार दिशांना चाललेले. ते उठलं, पडलं, उठलं, माझ्या अंगावर पडलं आणि शेवटी उभं राहून आईच्या पोटाखाली तोंड घालून शोधू लागलं. शोधत राहिलं. मग भिंतीपाशी गेलं, तिथे शोधलं. मग मेहुण्याच्या काखेत.

डॉक्टरीणबाईंनी बाह्या सरसावून कास तपासली. त्यांच्या बाह्या मी कधी खाली पाहिलेल्याच नाहीत.

"चीक आहे थोडा," त्या म्हणाल्या. "तो आत्ताच्या आत्ता पोटात गेला पाहिजे. भांडं द्या."

जवळ माझा चहाचा कप होता. मी चहा पिऊन टाकेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. त्यांनी तो ओतून दिला, कप खंगाळून घेतला. थेंब थेंब करत चीक निघाला, बाटलीतून शिंगराच्या पोटात गेला आणि आम्ही सगळे हसू लागलो.

"हसू नका, निम्मंच झालंय. कास भरत नाहीये. औषध देते, तीन-चार दिवसांत दूध उतरेल."

"उतरेलच ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"काका, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. शिंगरांसाठीची दुधाची पावडर मागवते, ती यायला वेळ लागेल. तोवर शेळीचं दूध द्या, चांगलं मानवतं. थोडं थोडं, तासातासाला. आणि दर खेपेला आधी आईला लावायचं. ओढणारं कोणी नसेल तर दूध येईल कशाला? प्यायल्यावर पाय पसरून झोपलं तर समजा पोट भरलं. ढुशा देत राहिलं तर नाही."

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार," मेहुणा हळूच म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःहून कपडे वाळत घालायला गेला.

शेळी शेजारीच होती. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, भिंतीपलीकडे राहतात. त्या शिवणकाम करतात. 'करतात' हा शब्द थोडा अपुरा आहे. पहाटे दूधवाल्याच्या आधी त्यांचं पायमशीन सुरू होतं आणि दिवे मालवेपर्यंत चालतं. आतोबा, त्यांचे यजमान, निवृत्त आहेत आणि अतिशय शांत आहेत. ते फक्त मशीन थांबल्यावर बोलतात, त्यामुळे त्यांचा आवाज फारसा कोणाला माहीत नाही. एकदा वीज कंपनीचा माणूस त्यांना मुके समजून खुणांनी बिल समजावून गेला.

शेळीला हनुवटीखाली दाढी आहे आणि चष्म्यावरून बघितल्यासारखं बघायची सवय. म्हणून तिचं नाव मास्तरीण.

सासरे आणि मी गेलो तेव्हा आत्या पडद्याला झालर लावत होत्या.

"बरी आहेस ना?" सासरे.

"बरी आहे."

"हवा छान पडलीय."

"छान आहे."

"आणि... शेळीची तब्येत?"

आत्यांनी मशीन थांबवलं. "दादा, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. घोडं कुठे अडलंय ते सांग."

सासऱ्यांनी सांगितलं. आत्यांनी पडदा तसाच फेकला आणि मास्तरणीची दोरी सोडली. "आधी नाही का सांगायचं? हवा छान पडलीय म्हणे! चला हो!" हे शेवटचं आतोबांना होतं. आतोबांनी तोंड उघडलं, पण आत्या दाराबाहेर पोचल्या होत्या.

सकाळचं काढून ठेवलेलं मास्तरणीचं दूध कोमट करून बाटलीत भरलं. शिंगराने दोन घोट घेतले, बाटलीच्या रबराची चव तपासली आणि तोंड फिरवलं. बादली पुढे केली, तर तीत नाक बुडवून ते माझ्या शर्टावर शिंकलं. चमचा, बोट, रुमालाचा बोळा, सगळं नामंजूर. आणि मग पुन्हा आईखाली, भिंतीपाशी, मेहुण्याच्या काखेत. माझी बायको म्हणाली, "अहो, मास्तरणीला एखाद्या उंच जागेवर उभी केली तर? शिंगराला सड तोंडाजवळ मिळाला पाहिजे, बाकी वर कोण आहे ते कशाला बघेल?"

डॉक्टरीणबाई जाता जाता थांबल्या. "करतात तसं. पडणार नाही एवढं बघा."

साबणाच्या रिकाम्या पेट्या आणल्या, त्या एकमेकींना बांधल्या, वर इस्त्रीच्या टेबलावरची घोंगडी अंथरली. मास्तरणीला वर चढवायचे कष्ट पडले नाहीत. तिला बघताक्षणी कळलं, की हे व्यासपीठ आहे. एका उडीत वर गेली, दाढी सावरली आणि आम्हा सगळ्यांवर एक नजर टाकली. आता प्रास्ताविक होणार असंच वाटलं.

शिंगरू आलं. त्याने शोधलं, सापडलं, ओढलं. ओढलं, ओढलं आणि हताश होऊन आमच्याकडे पाहिलं. दूध नाही.

"हे काय गं?" आत्यांनी शेळीला विचारलं. "घरी तर भांडं काठोकाठ भरतेस!"

"नवीन जागा आहे," सासरे म्हणाले. "लाजत असेल."

"लाजतेय? गेल्या महिन्यात वकीलसाहेबांचा निकाल खाल्ला तेव्हा नाही लाजली!"

"मश..." आतोबा म्हणाले.

"कास शेकली तर?" बायको म्हणाली.

कास शेकली. मास्तरणीला आवडलं, पण पान्हा सोडला नाही. सासऱ्यांनी शीळ घालून पाहिली. त्यांच्या शिळेने बाईसाहेब आपोआप चालू लागतात, त्या चालू लागल्या, त्यांना परत आणलं.

"मश..." आतोबा.

"माशा? माशा नाहीत हो इथे," आत्या म्हणाल्या. "जरा गप्प बसा ना, किती बोलता!"

मेहुण्याने मोबाइलवर बासरी लावली. मास्तरणीने मोबाइल खाण्याचा प्रयत्न केला. शिंगरू आता कमी शोधत होतं. उभं राहून मान खाली घालत होतं, आणि सासऱ्यांचा आवाजही तसाच खाली खाली चालला होता. तबेल्यात कोणी काही बोलेना. आत्यासुद्धा. आणि त्या शांततेत, आयुष्यात प्रथमच कोणी अडवणारं नाही हे बघून, आतोबा एका दमात म्हणाले, "मशीन आणा. ही मशीनच्या आवाजाशिवाय दूध देत नाही. धार मी काढतो ना. तू कायम शिवत असतेस. तिला जन्मापासून तेच माहीत आहे."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ते घामाघूम झाले होते.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?" आत्या म्हणाल्या.

आतोबांनी यावर उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आम्ही मशीन आणायला पळालो होतो.

बिडाचं जुनं पायमशीन म्हणजे बसलेला हत्ती. मी, मेहुणा, सासरे आणि डॉक्टरीणबाई, चौघांनी ते आणलं. भिंतीला एक खोच पडली, ती अजून आहे. मशीन व्यासपीठासमोर ठेवलं. आत्या बसल्या, पायडलवर पाय ठेवला आणि थांबल्या.

"कापड द्या."

"कापड कशाला? आवाजच हवाय."

"दादा, रिकामं मशीन मी चालवत नाही. रिकाम्या तोंडाने चावल्यासारखं आहे ते. दाते झिजतात." तत्त्वं त्या घराण्यात दोन्ही बाजूंना वाटली गेली आहेत.

पलीकडची रफूची टोपली आणली. आत्यांनी पहिली विजार सुईखाली सरकवली. खडखडखडखड. मास्तरणीचे कान उभे राहिले. चष्म्यावरूनची ती नजर विरघळली. शिंगराने एकदा शेवटचं म्हणून सड तोंडात धरला, आणि त्याच्या घशातून असा काही गटगट आवाज आला, की सासरे मटकन उरलेल्या एका पेटीवर बसले. आखूड कुंचल्यासारखी शेपटी हलू लागली. ओठांवर फेस आला. मेहुणा, व्हॅनचा पुरस्कर्ता, माझ्या गळ्यात पडला. "पितंय भाऊजी! अहो, पितंय!" मग सासरे मेहुण्याच्या गळ्यात पडले. डॉक्टरीणबाईंनी कोणाच्या गळ्यात पडावं याबद्दल थोडा संकोच झाला, म्हणून त्यांनी बाईसाहेबांचा गळा धरला.

पोट भरलं तसं शिंगरू पाय पसरून आडवं झालं. आत्यांनी मशीन थांबवलं. विजारीचा पाय एवढा पक्का शिवला गेला होता, की तो आता खालून बंद होता.

"असू दे," आत्या म्हणाल्या. "नंतर बघू."

नंतर बघायला सवडच मिळाली नाही. तासाभराने शिंगरू पुन्हा उठलं. आधी आईला लावलं. बाईसाहेबांना गुदगुल्या होत, त्या किंचाळत, दोन थेंब देत. मग व्यासपीठ, मशीन, खडखडखडखड. दुपारपर्यंत रफूची टोपली संपली. मग घरातले पडदे संपले. मग चादरींना चौफेर टीप, सासऱ्यांच्या टोप्यांना अस्तर, बाईसाहेबांच्या झुलीला गोधडीसारखे टाके. माझी विजार आखूड झाली, आणि ती मी घातलेली असताना झाली. फक्त "पाय इकडे करा जावईबापू" एवढाच इशारा मिळाला. रात्री पाळ्या लावल्या, पण मशीनवर दुसऱ्या कोणाचा पाय पडला, की मास्तरीण ओळखायची आणि पान्हा चोरायची. आत्या एका डोळ्याने झोपल्या, एका पायाने शिवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरू उठून मास्तरणीखाली गेलं, आत्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "कापड."

कोणीच काही दिलं नाही. घरात उसवलेलं, फाटलेलं, शिवता येण्याजोगं काही उरलं नव्हतं. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, तो कालच दोनदा शिवला होता. त्यातून सुई जाईना. शिंगराने ओढलं, थांबलं, ढुशी दिली. पेट्या हलल्या.

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा तबेल्याच्या दारातून पलीकडे लाँड्रीत गेल्या. फळ्यांवर धुतलेले, इस्त्री केलेले, कागदात बांधलेले गठ्ठे होते. पाहुणे.

"नाही," सासरे म्हणाले.

शिंगराने ढुशी दिली.

"आपल्या आजवरच्या कारभारात एकही कपडा..." सासरे म्हणाले. शिंगराने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या बघण्यात काही खास नव्हतं. शिंगरू कशाकडेही तसंच बघतं, भिंतीकडेसुद्धा. पण सासरे उठले. लाँड्रीत गेले. सगळ्यात वरचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली, क्षणभर हात जोडल्यासारखं केलं आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला.

"रुमालांपासून सुरू कर," ते म्हणाले. "रुमालाला काय कळतंय. आणि काठावरच टीप मार, वेगळं काही करू नकोस. कोणाला पत्ता लागायचा नाही."

योजना चांगलीच होती. तिच्यात एकच उणीव राहिली: आत्यांनी कापडाकडे बघणं गरजेचं होतं. आणि समोर चॉकलेटी शिंगरू दूध पीत असताना, शेपटी हलवताना, मधेच थांबून ढेकर दिल्यासारखं करताना कापडाकडे कोण बघणार? आत्या त्याच्याकडे बघत होत्या. आत्यांकडे बघायचं काम सासऱ्यांकडे होतं. ते शिंगराकडे बघत होते. घड्या घालायचं माझ्याकडे होतं. मी शिंगराकडे बघत घड्या घालत होतो. बाईसाहेब बाळंतपणाच्या रजेवर असल्यामुळे मेहुणा हातगाडी ओढून गठ्ठे घरोघर पोचवत होता. त्याचंही सारं लक्ष परत लवकर येण्याकडे. रुमाल संपले, उशांचे अभ्रे लागले. अभ्रे संपले, सदरे लागले. दिवस असा गेला, की बस.

त्याच्या पुढच्या दिवशी पहिला आला हॉटेलचा मॅनेजर. हातात अभ्रे.

"हे काय आहे?"

"अभ्रे," मी म्हणालो.

"उशी कुठून घालायची?"

मी अभ्रा फिरवून पाहिला. चारही बाजूंनी सुरेख, सरळ, पक्की टीप होती. एवढं देखणं, निरुपयोगी काम मी सरकारी कचेरीबाहेर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात न्हावी आला. त्याच्या गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती गुंडाळायच्या पांढऱ्या कापडाला पिशवीचं रूप आलं होतं. "बँकेचे साहेब आत आहेत असं समजून मी अर्धं मिनिट बोलत होतो," तो म्हणाला. त्याच्यामागून वकीलसाहेब आले. ते काळा झगा हातावर घेऊन आले होते आणि बोलत नव्हते. वकील गप्प बसला की माणसाने समजून घ्यावं.

"मी कोर्टात उभा राहिलो," शेवटी ते म्हणाले. "म्हणालो, 'हा बघा पुरावा!' आणि झग्यात हात घातला. म्हणजे घालायला गेलो. खिसा नाही. दुसरा खिसा नाही. मग दुसरा हात बाहीतून बाहेर काढायला गेलो, तर त्या बाहीला तोंड नाही. मी तसाच, हाताचं गाठोडं करून बसलो. जज्जसाहेबांनी मला पाणी देवविलं. तुमचे सासरे कुठे आहेत?"

सासरे तबेल्याच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा न धुतलेल्या कपड्यासारखा झाला होता. ते काही बोलणार, एवढ्यात आतून खडखडखडखड सुरू झालं, आणि त्यांचा एक हात आपोआप वर गेला.

"शू! पितंय."

तिघेही आत आले. त्यांना समोर काय दिसलं ते सांगतो: साबणाच्या व्यासपीठावर उभी दाढीवाली शेळी, तिच्याखाली मान तिरपी करून लांब पायांचं शिंगरू, बाजूला त्याची खरी आई नाराजीने गवत चघळतेय, समोर आत्या तारवटलेल्या डोळ्यांनी कुठल्याशा सदऱ्याच्या चौथ्या खिशाचं तोंड बंद करताहेत, आणि या सगळ्यांत आतोबा एका स्टुलावर शांत.

वकीलसाहेबांनी काही विचारायला तोंड उघडलं. आत्यांचा सदरा संपला. मशीन थांबलं. शिंगराने ओढलं, थांबलं, ढुशी दिली, आणि बारीक, ओल्या आवाजात काहीतरी म्हणालं.

"कापड!" आत्या ओरडल्या. "कोणीतरी कापड द्या, मेल्यांनो!"

वकीलसाहेबांना आजवर कोणी मेल्या म्हटलं नसावं. त्यांनी झगा पुढे केला.

खडखडखडखड. गटगटगट.

"काय पितंय हो!" न्हावी कुजबुजला.

"पण आता हाही संपेल," मॅनेजर म्हणाला. अवघ्या मिनिटात तो आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता. "मग?"

तेव्हा न्हाव्याने वस्तरा काढला. आम्ही दचकलो. पण त्याने झग्याची शिवून झालेली बाही ओढून घेतली आणि दाढी केल्यासारखी हलक्या हाताने सारी टीप उसवली. कापडाला ओरखडा नाही. "घ्या," तो म्हणाला, "पुन्हा शिवा."

एवढं सोपं होतं! एका बाजूने न्हावी उसवत होता, दुसऱ्या बाजूने आत्या शिवत होत्या. तोच झगा दिवसभर पुरला. वकीलसाहेबांना वस्तऱ्याची भीती वाटत होती, त्यांना टाचणी दिली. त्यांनी एकेक टाका असा खोदून काढला, जणू तो साक्षीदार आहे. मॅनेजर दोरे गोळा करत होता आणि मधेमधे, कोणी न विचारता, "माझ्या हॉटेलात पाहुण्यांची एवढी बडदास्त नाही," असं म्हणत होता. बातमी गेली. संध्याकाळपर्यंत ज्यांचे कपडे बिघडले होते ते तक्रार घेऊन आले, आणि ज्यांचे बिघडले नव्हते ते आपल्यावर अन्याय झाला म्हणून आले. तबेल्यात बसायला जागा उरली नाही. सासरे प्रत्येकाची हात जोडून माफी मागायला जात आणि प्रत्येक जण त्यांना म्हणे, "शू! पितंय."

पण डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाईसाहेबांची कास दाबून पाहिली आणि पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"औषध चालू आहे ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"चालू आहे. किंचित भरल्यासारखी वाटते. पण काका, शिंगरू वाढतंय, त्याची भूक वाढणार. एक शेळी किती दिवस पुरेल? आणि..." त्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या बसल्या बसल्या पेंगत होत्या, पाय मात्र हवेत पायडल मारत होता. "यांची पण कास तपासायची वेळ आली आहे."

"पावडर?"

"निघालीय म्हणतात."

"वरातीमागून घोडं," मेहुणा म्हणाला, आणि या वेळी कोणी त्याच्याकडे डोळे वटारले नाहीत, कारण बोलताना त्याच्या मांडीवर शिंगराचं डोकं होतं.

त्यानंतरच्या दुपारी असं झालं. शिंगरू पिऊन झोपलं होतं. आतोबांनी मास्तरणीला व्यासपीठावरून उतरवून पाय मोकळे करायला मेहुण्याबरोबर धाडलं होतं. वकीलसाहेब कोर्टात, न्हावी दुकानात, मॅनेजर कुठेतरी. मशीन थांबलं. तबेल्यात इतकी शांतता पसरली, की बाईसाहेबांचं चघळणं ऐकू येत होतं. आत्यांनी डोळे मिटले.

आतोबा घसा खाकरले.

मी, बायको, सासरे, आम्ही तिघेही सावध झालो. मागच्या वेळी हा माणूस बोलला, तेव्हा एक जीव वाचला होता.

"काय हो?" आत्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही," आतोबा म्हणाले. त्यांनी कॉलरीत बोट घातलं. मग, "हा शर्ट. तू लग्नात शिवलास तो."

"त्याचं काय?"

"कॉलर घट्ट होते."

आत्यांनी डोळे उघडले. "कधीपासून?"

"लग्नापासून."

"आणि आज सांगताय?"

"मशीन चालू होतं," आतोबा म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या की विरघळल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बायको म्हणते, दोन्ही. "काढा तो," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा. एवढी वर्षं गळा आवळून घेतला, मूर्ख माणसा!" त्यांनी कॉलर उसवली, गळा बोटभर सैल केला आणि ती सुईखाली सरकवली. खडखडखडखड.

शिंगराने कान टवकारले.

"अरे, थांबव, थांबव!" सासरे ओरडले. पण उशीर झाला होता. शिंगरू उठलं होतं. मशीन वाजलं म्हणजे दूध, एवढं एकच शास्त्र ते आजवर शिकलं होतं. ते थेट व्यासपीठापाशी गेलं. व्यासपीठावर कोणी नव्हतं. त्याने घोंगडीखाली शोधलं. पेटीच्या मागे शोधलं. मग ते वळलं.

"शेळी आणा!" बायको भावाला हाका मारत दाराकडे धावली. "दादा! अरे, मास्तरणीला घेऊन ये!"

"मशीन थांबवू?" आत्यांनी विचारलं.

"नको," आतोबा म्हणाले. एका दिवसात दुसऱ्यांदा. ते नुसत्या बनियनवर उभे होते आणि बाईसाहेबांच्या पायांकडे बोट दाखवत होते.

बाईसाहेबांच्या मागच्या पायांवरून काहीतरी पांढरं ओघळत होतं. थेंब नव्हते, धार होती. गेले सगळे दिवस त्या कोपऱ्यात उभ्या राहून, नाराजीने गवत चघळत, ऐकत होत्या. त्याही शिकल्या होत्या.

शिंगरू आईपाशी आलं. त्याने नाक वर केलं, नेहमीच्या जागेहून जरा उंच, जरा मागे. बाईसाहेबांनी पाय उचलला, सासऱ्यांनी श्वास रोखला. पाय खाली आला. त्या किंचाळल्या नाहीत. आणि मग तो आवाज आला, गटगट, पण शेळीखालच्यापेक्षा मोठा, घाईचा, थांबायची भीती नसलेला. शिंगराच्या हनुवटीवरून फेस गळू लागला. ते प्यायलं, प्यायलं, आणि आत्या कॉलरीवर टीप मारत राहिल्या, मारत राहिल्या. त्यांचे डोळे अर्थातच कॉलरीवर नव्हते.

शेवटी शिंगराने तोंड सोडलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. ढुशी? त्याने एकदा आईच्या पोटाला नाक घासलं. मग चारही पायांनी आपापसांत विचारविनिमय केला, ते मुडपले आणि शिंगरू आईच्या पायाशी गवतावर लांबलचक आडवं झालं. पोट टम्म.

मशीन थांबलं. सासरे बाईसाहेबांपाशी गेले, त्यांच्या मानेवर कपाळ टेकवलं आणि फोनवर बोलल्यासारखे बोलू लागले. मी ऐकलं नाही, ते खासगी होतं.

तेवढ्यात मेहुणा मास्तरणीला ओढत, धापा टाकत आत आला. मास्तरणीने उडी मारून व्यासपीठ गाठलं, दाढी सावरली, श्रोत्यांवर नजर टाकली आणि तिला परिस्थिती समजली. एवढी अपमानित शेळी मी दुसरी पाहिलेली नाही.

"अहो, हा घ्या," आत्या म्हणाल्या आणि शर्ट आतोबांच्या हातात दिला.

आतोबांनी तो डोक्यावरून घातला. म्हणजे घालायला घेतला. शर्ट खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. आत काही काळ हालचाल झाली. कॉलर गोल गोल, पक्की, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवून बंद झाली होती. डोकं बाहेर यायला जागाच नव्हती.

"कसा झालाय?" आत्यांनी विचारलं.

आतून आतोबा काहीतरी म्हणाले. पण शिंगराने झोपेत पाय झाडला, म्हणून आम्ही सगळे एकदम म्हणालो, "शू!"